उणे एक पूर्णांक सहा

विमल मोहुर्ले दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मेली. त्या वेळी आंबेझरीचं तापमान सेहेचाळीस पूर्णांक एक अंश होतं. सरकारी तापमान मात्र चव्वेचाळीस पूर्णांक पाच होतं. पंचेचाळीसला भोंगा वाजतो. भोंगा वाजला नाही म्हणून काम थांबलं नाही, आणि काम थांबलं नाही म्हणून विमल बोडीच्या, गावतळ्याच्या, तळाशी डोक्यावर गाळाचं घमेलं घेऊन उभी होती. हे मी इतकं सरळ सांगते, कारण पुढच्या नऊ दिवसांत मला जो भेटला तो म्हणाला, 'ते इतकं सरळ नसतं.' असतं. आकडे माझ्या हाताने लिहिलेले आहेत.

विमल आणि मी पहिलीपासून एका बाकावर बसलो. एकेचाळीस वर्षांची होती. तिला बायकांनी साडीच्या झोळीतून वर आणलं तेव्हा तिचं अंग तापलेल्या तव्यासारखं लागत होतं आणि घामाचा एक थेंब नव्हता. मी पाणी ओतत राहिले. थोड्या वेळाने कोणीतरी माझ्या हातून तांब्या काढून घेतला.

मी कुंदा पिलारे, आंबेझरीची हवामान निरीक्षक. नाव भारदस्त असलं तरी काम अंगणातलं. आमच्या घरामागे तारेच्या कुंपणात चार पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी आहे. तिच्या भिंती झडपांच्या, म्हणजे वारा आत यावा पण ऊन येऊ नये. आत काचेचे तापमापक, त्यांतला एक दिवसातला सर्वांत वरचा आकडा धरून ठेवणारा, दुसऱ्याच्या टोकाला ओल्या मलमलीची पट्टी, आणि अलीकडच्या काळात बसवलेला एक विजेवर चालणारा संवेदक, जो दर मिनिटाला आपला आकडा वर पाठवतो. मी सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला काचेचे आकडे वहीत लिहिते. माझ्याआधी हे काम माझे वडील करत. डोमाजी गुरुजी, शाळामास्तर. १९८९ पासून त्यांनी एकही नोंद चुकवली नाही, म्हणून २०११ साली त्यांना दिल्लीला बोलावून पितळी पाटी दिली. ती बैठकीच्या खोलीत देवांच्या वर टांगलेली आहे. देवांच्या वर, हे मुद्दाम सांगते.

त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही: वहीत खोडायचं नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. २०३१ साली काचबिंदूने त्यांचे डोळे गेले तेव्हा वही माझ्याकडे आली.

उष्मविराम कायदा २०३७ चा. तापमान पंचेचाळीसला टेकलं की त्या गावाचा भोंगा वाजतो आणि उघड्यावरचं सगळं काम पाच वाजेपर्यंत बंद. मुकादमाची, ठेकेदाराची, कोणाची मर्जी नाही. चांगला कायदा आहे. पण भोंग्याआधी काम सोडलं तर त्या दिवसाची हजेरी कापली जाते. त्यामुळे बायका पेटीवर विश्वास ठेवून उन्हात उभ्या राहतात. माझ्या पेटीवर.

पण भोंग्याची कळ पेटीच्या हातात नाही. मधे ताळमेळ आहे.

ताळमेळ म्हणजे देशभरातल्या चाळीस हजार केंद्रांची एकमेकांशी तुलना करणारी यंत्रणा. कल्पना साधी आहे. घरात पाच घड्याळं असली आणि एक अचानक दहा मिनिटं पुढे गेलं, तर वेळ बदलली असं आपण म्हणत नाही, घड्याळ बिघडलं म्हणतो. तसंच, एखाद्या गावाचा पारा शेजारच्या गावांच्या तुलनेत एका ठरावीक तारखेपासून अचानक चढला आणि चढलेलाच राहिला, तर ती हवा नव्हे, तो दोष. ताळमेळ तो दोष मोजते आणि त्या केंद्राच्या प्रत्येक आकड्यातून तेवढा भाग वजा करते. कच्छचं कच्छला, कोकणचं कोकणला, कोणाला विचारावं लागत नाही. आंबेझरीची दुरुस्ती होती उणे एक पूर्णांक सहा. ती एप्रिल २०३९ पासून लागू होती. दोन उन्हाळे आमचा पारा पंचेचाळीसच्या खालीच रेंगाळला, दुरुस्तीने कोणाचं काही अडलं नाही, म्हणून मीही नुसती तक्रार पाठवून गप्प बसले. ती माझी चूक. तिसऱ्या उन्हाळ्यात विमल मेली.

दुसऱ्या दिवशी मी ताळमेळ चालवणाऱ्या तुलना केंद्राला फोन लावला. पडद्यावर डॉ. वर्तक आले. पन्नाशीचे, सभ्य, मागे पुस्तकांचं कपाट.

"पिलारे मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"भावना नाहीत साहेब, आकडा आहे. काचेचा तापमापक सेहेचाळीस एक म्हणतो, तुमचा संवेदकही सेहेचाळीस एक म्हणतो. दोन वेगळी यंत्रं एकाच वेळी सारखीच कशी बिघडतील?"

"बिघडलेली नाहीत. दोन्ही उत्तम आहेत," ते म्हणाले. "पेटीतली हवा खरोखर तेवढी तापते आहे. पण ती आंबेझरीची हवा नाही. हे बघा." पडद्यावर आमचं घर वरून दिसलं, उपग्रहाने टिपलेलं. "चोवीस एप्रिल २०३९ ला इथे काही नाही. सत्तावीस एप्रिलला पेटीपासून अठरा मीटरवर टिनाचं छप्पर आहे. आणि नेमक्या त्याच महिन्यात तुमचा पारा दीड अंशाने उडी मारतो. तुम्ही टिनाची हवा मोजताय, मॅडम."

ते टिन माझ्या आईच्या तेरवीचं होतं. आई, शेवंता, चौदा एप्रिलला गेली. जेवणावळीसाठी मांडव म्हणून टिनं टाकली आणि मग ती तशीच राहिली.

"टिन काढलं तर?"

"अवश्य काढा. मग दोन उन्हाळ्यांची माहिती जमली की ताळमेळ आपोआप दुरुस्ती मागे घेईल."

"दोन उन्हाळे."

"यंत्रणा घाई करत नाही. तेच तिचं बळ आहे."

मी फोन बंद केला. नाहीतर मी त्या सभ्य माणसाला आईबहिणीवरून बोलले असते.

टिनं काढायला बोडीवरच्या बायका आल्या. विमलच्या टोळीची सरू सगळ्यांत पुढे. तिने खांबावर पहिला घाव घातला आणि म्हणाली, "दोन वरसं? आमी तवापर्यंत मरत राहाचं का वं, कुंदा? त्या साहेबाले म्हनाव, इथं ये, एक दिवस घमेलं उचल, मंग सांग घाई कोनाले हाय तं."

दुपारपर्यंत टिनाचा एक पत्रासुद्धा राहिला नाही. बायकांनी सगळी टिनं रस्त्यापलीकडे नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पेटी उघडली. पंचेचाळीस पूर्णांक आठ. शेजारच्या चार गावांशी तुलना करून पाहिली, टिन असताना आमचा पारा त्यांच्या तुलनेत जिथे होता तिथेच होता. म्हणजे टिनाचा काही संबंधच नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता, झाली ती चीड. कारण टिनाचा दोष नाही तर मग उडी आली कुठून? उडी खोटी नव्हती. ती मलाही कागदावर दिसत होती. वर्तक मूर्ख नव्हता, हे मान्य करणं फार जिवावर आलं.

रविवारी मी बाबांच्या जुन्या वह्या काढल्या. १९९८ च्या आधीच्या वाळवीने खाल्लेल्या, बाकी सगळ्या शाबूत. शाळेतले शिल्लक आलेखाचे कागद होते. चार शेजारी केंद्रांची सरासरी घेतली, आंबेझरीच्या रोजच्या कमाल तापमानातून ती वजा केली आणि उरलेला फरक एकेका दिवसाला ठिपका असा मांडत गेले. पावसाळ्यात काही दिसत नव्हतं, हवाच ओली. पण ऑक्टोबर ते जून सगळीकडे तीच गोष्ट: आंबेझरी शेजाऱ्यांपेक्षा एक ते दीड अंश थंड. वर्षानुवर्षं थंड. मी लहानपणापासून ऐकत आले होते की आपल्याकडे झाडी आहे, बोड्या आहेत, म्हणून थंड.

मात्र मधेमधे ठिपके वर उडत होते. चार दिवस आंबेझरी शेजाऱ्यांइतकीच गरम. मग पुन्हा थंड. मी आधी मोजायची चूक समजले. पण उंचवटे ठरावीक अंतराने येत होते. अठ्ठावीस दिवस. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस. मला वाटलं चंद्र. पंचांग काढलं. चंद्राशी जमेना, दर महिन्याला थोडं पुढे सरकत होतं. चंद्र असा मनाला येईल तसा सरकत नाही.

मग मी १९९९ च्या हिवाळ्याशी आले. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत एकही उंचवटा नाही. चार महिने सलग थंड. आणि मग ११ फेब्रुवारी २००० पासून पारा वर, तो चाळीस दिवस वरच.

११ फेब्रुवारी २००० हा माझा जन्मदिवस आहे.

मी उठून मागच्या दारात जाऊन उभी राहिले. पेटीभोवतीची माती भेगाळलेली, पांढरी पडलेली. आणि मला दिसलं की गेली दोन वर्षं ती अशी आहे, त्याआधी कधीही नव्हती. त्याआधी रोज दुपारी बाराच्या सुमाराला आई हातपंपावरून दोन बादल्या आणायची आणि पेटीच्या चारी बाजूंना लांबपर्यंत पाणी मारायची. जमीन ओली, म्हणजे ऊन आधी पाणी उडवण्यात खर्ची पडणार, हवा तापवायला कमी उरणार. कोणीही उन्हाळ्यात अंगणात पाणी मारतो ते याचसाठी. तीन-चारपर्यंत ओल उडून जाई, पण तोवर दिवसाची सगळ्यात गरम वेळ टळलेली असे. मी साडेपाचला यायची तेव्हा माती कोरडी. मी आठ वर्षं निरीक्षक असताना ही बाई माझ्या डोळ्यांसमोर रोज सरकारी तापमान दीड अंशाने उतरवत होती आणि मला एकदाही कळलं नाही. तुळशीला पाणी घालतात तसं ते होतं. तुळशीला पाणी घातलं असं कोणी नोंदवहीत लिहितं का?

महिन्याचे ते चार दिवस मात्र ती पेटीच्या जवळ जायची नाही. बाबा जाऊ द्यायचे नाहीत. पेटी त्यांना देवघरासारखी. माझ्या वेळच्या तिच्या बाळंतपणाचे चाळीस दिवसही तसेच. मी कामावर आले त्या पहिल्या महिन्यात त्यांनी मलाही अडवलं होतं. मी म्हटलं, नोंद चुकली तर चालेल का? तेव्हा कुठे ते मागे सरले.

पाणी मारायची सुरुवात कशी झाली ते आई मला पुष्कळदा हसतहसत सांगायची. शेजारच्या दगडांच्या खदानीच्या धुळीने ओल्या तापमापकाची मलमल काळी पडली होती, तपासणीला आलेला इन्स्पेक्टर सगळ्यांसमोर बाबांना बोलला. त्या दिवशी घरात आल्याआल्या बाबा म्हणाले, आजपासून रोज बारा वाजता पेटीभोवती दोन बादल्या. धूळ बसली पाहिजे.

धूळ बसली. आणि एका देशाच्या तापमानाला त्याचा पत्ता लागला नाही. आता घड्याळ बिघडलं नव्हतं. ते चाळीसएक वर्षं मागे चालत होतं, आई मेली आणि ते बरोबर झालं. ताळमेळला दिसलं ते एवढंच की काटा अचानक पुढे गेला.

बाबा ओसरीवर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, माय दुपारी पेटीभवती पानी टाकत होती, आठवते?"

"हाव. मंग?"

"तिच्यानं पारा उतरत होता. दीड अंश. तुमच्या साऱ्या उन्हाळ्याच्या नोंदी कमी हायेत. म्हनून आज यंत्र आपला आकडा खोटा समजते. म्हनून भोंगा वाजला नाई."

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "माह्या नोंदी कमी नाईत."

"कागदावर दिसून रायलं."

"कोनता कागद? मले दिसत नाई त कायबी सांगशील?"

मग मी त्यांना चार दिवसांचं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला, ते खरं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"शरम नाई वाटत? मेलेल्या मायचे दिवस साहेबायले मोजून दाखवशील? चारचौघांत?"

"विमल मेली बाबा!"

"तिले मी मारली का?"

"पानी टाकाले तुमी सांगतलं होतं."

"मी नाई सांगतलं," ते म्हणाले. "तिचं तिनंच. बायकायले कायी ना कायी उद्योग पायजेच."

मी आयुष्यात त्यांना उलट बोलले असेन, पण त्यांचा तिरस्कार मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटला. ज्या बाईने यांच्यासाठी चाळीसेक वर्षं रणरणत्या बाराला हातपंप हापसला, तिच्यावर तिच्या तेरवीनंतर दोन वर्षांनी हे ढकलत होते. पाटीसाठी. एका पितळी पाटीसाठी.

सोमवारी मी वर्तकांना सगळं पाठवलं आणि फोन लावला. उंचवट्यांचं ऐकून ते पुढे झुकले. "अठ्ठावीस दिवसांचं आवर्तन? थांबा, हे फार... कशामुळे?"

"माझी आई तेव्हा बाजूला बसायची."

"बाजूला म्हणजे?"

"पाळी, साहेब. मासिक पाळी."

वर्तकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कपाटाकडे बघितलं. "हं. म्हणजे... अच्छा. याची अन्य काही शक्यता..."

"अन्य शक्यता नाही. त्यात माझा जन्मसुद्धा आहे, तारखेसकट. २०२२ पासून उंचवटे बंद आहेत, तेव्हा तिची पाळी गेली. तुम्हाला लाजायचं असेल तर नंतर लाजा. गुरुवारी पुन्हा सेहेचाळीसचा अंदाज आहे आणि बोडीवर दीडशे बायका आहेत."

तो माणूस लाजला, पण आकड्यांशी प्रामाणिक निघाला, एवढं श्रेय मी त्याला देते. बुधवारी संध्याकाळी त्यांनीच फोन केला. केस विस्कटलेले.

"मी ताळमेळला देशभरात तेच शोधायला सांगितलं," ते म्हणाले. "घराच्या आवारातली जुनी केंद्रं, कोरडा हंगाम, सत्तावीस ते तीस दिवसांचं आवर्तन. मॅडम, दोनशे अकरा ठिकाणी सापडलं. तेलंगणात, सौराष्ट्रात, तमिळनाडूत, बुंदेलखंडात. कुठे तीन दिवस, कुठे पाच, कुठे सात. आम्ही आजवर त्याला 'स्थानिक गोंगाट' म्हणून गाळत आलो."

दोनशे अकरा अंगणं. प्रत्येकात एक बाई, एक बादली आणि तिला लांब ठेवणारं कोणीतरी. देशाच्या नकाशावर या बायकांच्या देहांची नोंद होती आणि शास्त्रज्ञांनी तिला गोंगाट म्हटलं होतं. मला हसू आलं आणि हसताना दात दुखले, इतके ते आवळले होते.

"मग काढा दुरुस्ती."

"उद्या काढतो. फक्त एक कागद लागेल. केंद्राचा इतिहास बदलायचा तर मूळ निरीक्षकाचं सहीचं निवेदन हवं. काय घडत होतं, कधीपासून, कोणाच्या सांगण्यावरून. त्याशिवाय यंत्रणा कुलूप उघडत नाही. ते मलाही ओलांडता येत नाही."

"तुमच्याकडे आकडे आहेत ना!"

"आकडे आहेत. साक्षीदार नाही."

गुरुवारी सकाळी साडेआठलाच छत्तीस होतं. दहा वाजता एकेचाळीस. बायका बोडीत उतरल्या होत्या, सरूचा आवाज घरापर्यंत येत होता. मी कागद आणि पेन घेऊन ओसरीवर बाबांच्या समोर बसले आणि आरडाओरडा न करता सांगितलं की सही लागेल, बाराच्या आत लागेल.

ते म्हणाले, "लिव. सही करतो."

मला खरं वाटेना.

"पन मी सांगतो तसंच लिव. माही बायको शेवंता, इनं मले न विचारता, माह्या नकळत पानी टाकलं. मी शाळेत रावत होतो, मले ठाव नव्हतं. तिच्या दिवसाचं कायी लिवाचं नाई. असं असन तं सही करतो. नाई तं नाई."

साडेअकरा वाजले होते. मी मागच्या अंगणात जाऊन पेटी बघून आले. संवेदकाच्या लहानशा पडद्यावर त्रेचाळीस पूर्णांक सात. बोडीत दीडशे बायका, त्यांतल्या कमीत कमी चाळीस माझ्या शाळेतल्या. आणि इकडे हा म्हातारा, माझा बाप, मेलेल्या बायकोवर खापर फोडायला बसलेला. मला वाटलं पाटी भिंतीवरून काढावी आणि यांच्या मांडीवर आपटावी.

मी लिहिलं. पेनाचा आवाज ते कान देऊन ऐकत होते. लिहून झाल्यावर मी त्यांचं बोट कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर टेकवलं. त्यांनी सही केली, पूर्वीसारखीच, डोमाजी का. पिलारे, खाली रेघ. मी कागदाचं छायाचित्र वर्तकांना पाठवलं.

मी काय लिहिलं ते त्यांना दिसत नव्हतं. मी त्यांना फसवलं. अजूनही मला त्याचा पस्तावा नाही.

बारा वाजून वीस मिनिटांनी वर्तकांचा संदेश आला: 'दुरुस्ती शून्य.' बारा पन्नासला संवेदक पंचेचाळीस पूर्णांक शून्य दाखवू लागला, आणि शाळेच्या गच्चीवरचा भोंगा वाजला. त्याचा आवाज किती कर्कश आहे हे मी विसरलेच होते. मी कुंपणाला धरून उभी होते. बोडीच्या काठावरून एकेक डोकं वर येताना दिसत होतं, रिकामं, घमेल्याशिवाय. सरूने तिथूनच हात वर केला. विमलची जाऊ खाली बसली आणि रडायला लागली. नऊ दिवस उशीर. नऊच दिवस.

मी ओसरीवर आले. बाबा भोंग्याच्या दिशेने कान करून बसले होते.

"वाजला," ते म्हणाले.

"हाव."

"कागद वाच."

मी म्हटलं, "राहू द्या."

"वाच मनतो ना. मी सही केली, मले ठाव पायजे."

आता कशाची भीती? भोंगा वाजून गेला होता. मी तोच कागद उघडला आणि जसा होता तसा वाचला.

"मी, डोमाजी काशीराम पिलारे, निवृत्त निरीक्षक, लिहून देतो की सन १९९८ पासून माझ्या सांगण्यावरून माझी पत्नी शेवंता हिने रोज दुपारी बारा वाजता पेटीभोवती पाणी टाकलं. त्यामुळे तापमान सुमारे दीड अंशाने कमी नोंदलं गेलं. महिन्यातले चार दिवस तिने पेटीपाशी येऊ नये अशी मीच मनाई केली होती. उन्हाळ्याच्या माझ्या सगळ्या वह्यांमध्ये खऱ्या नोंदी आहेत त्या तेवढ्याच दिवसांच्या."

रस्त्यावरून बायका परत येत होत्या, त्यांच्या बोलण्याचा गलका आला आणि पुढे गेला. बाबांचे हात गुडघ्यांवर होते. मी वाट बघत होते की ते आता ओरडतील, कागद मागतील, फाडतील. फाडला तरी उपयोग नव्हता, तो गेला होता. तरी मी तो घट्ट धरला होता.

"अठ्ठ्यान्नव नाई," ते म्हणाले.

"काय?"

"अठ्ठ्यान्नव नाई. सत्त्यान्नव. तुह्याजवळ वह्या अठ्ठ्यान्नवपासूनच्या हायेत म्हनून तू अठ्ठ्यान्नव लिवलं." त्यांचा आवाज वर्गात गणित तपासताना असायचा तसा कोरडा होता. "मार्च सत्त्यान्नव. पंधरा तारीख, शनिवार होता. इन्स्पेक्टर गेला आन घरात येऊन मी तिले सांगतलं. ती भाकर थापत होती. मने, आता लगेच टाकू का? मी मनलो, लगेच."

मी पेन उचललं.

"खोडू नको," ते म्हणाले. "एक रेघ मार. वर बरोबर लिव."

मी १९९८ वर एक रेघ मारली, वर लिहिलं, १५ मार्च १९९७. मग कागद त्यांच्यापुढे धरला आणि त्यांचं बोट दुरुस्तीच्या शेजारी टेकवलं. या वेळी सही वाकडी झाली. ती सही कोणीही ओळखली नसती, पण मी होते साक्षीला.

"आता किती हाय?" त्यांनी विचारलं.

मी मागच्या अंगणात गेले, पेटी उघडली, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला.

"पंचेचाळीस पूर्णांक सहा."

"लिव," बाबा म्हणाले.